उजवा बोलतो, डावा ऐकतो

आमच्या घरात कॅसेट अडवून ठेवायची नाही, असा नियम होता. कव्वालीची, गाण्याची कॅसेट वर्षभर धूळ खात पडली तरी कोणी विचारत नसे. पण अब्बांच्या आवाजाची कॅसेट आली की ती ऐकायची, मग तिच्यावरच आपलं बोलणं भरायचं आणि मस्कतला जाणारा पहिला माणूस सापडेल त्याच्या हातात द्यायची. अब्बा ती ऐकत, पुन्हा तिच्यावरच बोलत आणि गावाकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी परत पाठवत. अशा दोनच कॅसेटी होत्या. एकीवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला होता, दुसरी बिनठिपक्याची. एक तिकडे असली की दुसरी इकडे. कॅसेट फिरती राहिली की माणूससुद्धा फिरून घरी येतो, असं अम्मा म्हणायची. हे तिला कोणी सांगितलं, अल्ला जाणे. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे पुरुष आखातात होते आणि मागे राहिलेल्या बायकांनी आपापला काहीतरी तोडगा शोधून काढला होता. शेजारची जैनबखाला नवऱ्याच्या चपला दारातून हलवू देत नसे. त्यांच्यावरून अडखळून मी दोनदा पडले, पण चपला तिथेच राहिल्या.

मोहल्ला म्हणजे चौलच्या वाड्या संपतात तिथली पंचवीस-तीस घरं. मागे नारळ-सुपारी, पुढे रेवदंड्याकडे जाणारा रस्ता. दिवसभर वाडीतल्या पंपाचा घरघराट, मधूनच झावळी पडल्याचा धप्प आवाज आणि एसटी वळणावर आली की तिचा भोंगा. आमच्या घरात माणसं तीनच, अब्बा, अम्मा आणि मी. आणि त्यातलं एक कायम समुद्रापलीकडे. अम्मा कुराणशरीफ वाचायची, पण मराठी अक्षर तिला लावता येत नसे. फोन होता, पण फोनवर आरोग्य विचारण्यापलीकडे काही व्हायचं नाही, दोघंही ओरडून बोलत आणि अर्धा वेळ "ऐकू येतं काय?" यातच जायचा. खरं बोलणं कॅसेटवर. "अस्सलाम आलेकुम. मी हितं खैरियतनं हाय," अशी अब्बांची सुरुवात ठरलेली. मग गोदामातल्या गमती, कोणाला कसला आजार झाला, इकडे आंब्याला मोहोर आला काय, मागच्या दाराची कडी बसवून घेतली काय. प्रश्न विचारून ते थोडं थांबत. आणि अम्मा, हातातली लसूण सोलता सोलता, त्या थांबलेल्या जागेत उत्तर द्यायची. "व्हय, बसवली." मी हसले की म्हणायची, "हसतेस काय? माणूस इचारतो तर जबाब द्यायला नको?"

कॅसेट संपत आली की अब्बांचं बोलणं आटपायचं, पण टेप ते बंद करत नसत. अम्मानेच एकदा सांगितलं होतं, तुमी ऱ्हाता ती खोली मना कशी दिसनार, निदान ऐकवा तरी. तेव्हापासून शेवटची चार-पाच मिनिटं ते टेप तसाच चालू ठेवून स्वयंपाकाला लागत. पंख्याची कुरकुर, भांड्यांचा आवाज, खोलीतल्या दुसऱ्या माणसाचं शिंकणं. मला तो भाग कंटाळवाणा वाटायचा. अम्मा मात्र तेवढ्यासाठी हातातलं काम खाली ठेवायची.

टेप अब्बांनी पहिल्या रजेत आणला होता. दोन खणांचा, काळा, वर चांदीच्या रंगाची बटणं. उजव्या खणातली कॅसेट नुसती वाजायची, भरायचं ते डाव्या खणात. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचं तर भरलेली उजवीकडे, कोरी डावीकडे. अब्बांनी माझा हात धरून मला शिकवलं, "उजवा बोलतो, डावा ऐकतो. ध्यानात ठेव. जागा बदलली तर बोलनारा पन मुका होतो." मी सात-आठ वर्षांची असेन. ते माझ्या हातात असं बसलं की विचार करावाच लागत नसे. आमच्या घरात तसंही सगळं उजवीकडूनच सुरू व्हायचं. घास उजव्या हाताने, घरात पाऊल उजवं, कुराणशरीफचं पान उजवीकडून. त्यामुळे जो बोलतो तो उजवीकडे, यात मला शिकण्यासारखं काही वाटलंच नाही.

अम्माची भरायची वेळ म्हणजे एक सोहळा असे. न्हाऊन, केस विंचरून, डोक्यावर धुतलेली ओढणी घेऊन ती टेपसमोर बसायची. मला बाहेर काढायची. "नवराबायकोचं बोलनं, तुझं काय काम?" मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची, तर आत फणसाचा हिशेब, बकरीला झालेली पिल्लं आणि मामूच्या गुडघ्याचं दुखणं. एवढ्यासाठी माणसाने केस का विंचरावे, असं मला तेव्हा वाटे. लग्न झाल्यावर वाटेनासं झालं.

मग अब्बांनी शेवटच्या रजेत कॉम्प्युटर आणला. मॉनिटर रजईत गुंडाळलेला, बाकीचं दोन खोक्यांत. मोहल्ला बघायला लोटला. अम्माने त्याच्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणला आणि खोलीत येणाऱ्याला पाय धुऊन यायला लावलं. मी अलिबागला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते; तिथे नुसती टायपिंगची घोकंपट्टी, पण माझा तोरा असा की जणू ते यंत्र मीच बनवलं. अब्बा परत गेले आणि पहिली कॅसेट आली तेव्हा मला कल्पना सुचली. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरच्या मागे लावली आणि अब्बांचं बोलणं आत भरून घेतलं. त्यानंतर अम्माने नेहमीसारखी कॅसेट पुसून तिच्यावर आपलं भरलं, ती गेली. पण अब्बांचा आवाज माझ्याकडे राहिला. अम्मा आधी घाबरली. "अडवलंस की गं तू." मी म्हटलं, "कॅसेट कुठे अडवली? कॅसेट गेली की." तिने विचार केला आणि तिला ते पटलं. पुढे अडीच-तीन वर्षांत अशी एकोणीस बोलणी जमा झाली. प्रत्येकाला मी नाव दिलं होतं, त्या वेळी घरात जे चाललं असेल त्यावरून: बकरीची पिल्लं, मामूचा गुडघा, ईदनंतरची. एकोणीसच्या एकोणीस अब्बांची. दुसरं काही ठेवावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आज माणसं माझ्याकडे फोन घेऊन येतात, यातले फोटो त्यात घालून द्या म्हणतात. भाच्या, सुना, शेजारणी. मी प्रत्येकीला आधी बोट ठेवून सांगायला लावते, कुठून आणि कुठे. त्यांना वाटतं म्हातारी होत चाललेय, म्हणून दोनदा विचारते.

अब्बा गेल्याचं कळलं तेव्हा अम्मा अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. मस्कतहून त्यांच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला, मीच उचलला. कामावरून आले, छातीत दुखतं म्हणाले, आणि संपलं. दफनही तिकडेच झालं. आमच्याकडे ना जनाजा, ना कबर. एक पेटी आली तेवढी, तीन आठवड्यांनी. त्यात दोन लुंग्या, घड्याळ, चष्मा, माझ्यासाठी घेतलेली पर्स. तिकडे असलेली ठिपकेवाली कॅसेट त्यात नव्हती. तिच्यावर अम्माचं बोलणं होतं. कोणीतरी तिच्यावर गाणी भरून घेतली असतील. मी फार शोध घेतला नाही, कारण माझा सगळा जीव त्या एकोणीस फाइलींवर होता.

अम्मा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, रंगीत नेसायचं नाही. येणाऱ्या बायका रडून जात, अम्मा रडत नसे. ती दुपारच्या नमाजानंतर कॉम्प्युटरच्या खोलीत येई, पाय धुऊन, आणि म्हणे, "लाव." मी एक लावायची. ती खाली बसून लसूण सोलायची आणि अब्बांनी विचारलं की उत्तर द्यायची. "व्हय. आला मोहोर." दोन वर्षांपूर्वीच्या मोहोराचं उत्तर. जैनबखालाने एकदा हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, हे बरं न्हाय. तिचं डोकं फिरंल." मी म्हटलं, डोकं याच्यामुळेच ठिकाणावर आहे. आणि ते खरं होतं. दिवसभर ती भिंतीकडे बघत बसलेली असे; दुपारचा तो एक तास तेवढा ती माझी आधीची अम्मा असायची. जेवायचीसुद्धा त्यानंतरच.

इद्दतीच्या तिसऱ्या महिन्यात कॉम्प्युटर आवाज करायला लागला. कट्, कट्, मग थोडं थांबून पुन्हा कट्. अब्बांचं बोलणं मधेच अडकायचं आणि पुढे सरकायचं. अम्माने मान वर केली. "काय झालं त्याला?" मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्याच दिवशी अलिबागला जाऊन क्लासमधल्या सरांना विचारलं. सर भले माणूस. ते म्हणाले, "हार्ड डिस्क जायला आली असेल. भरवसा ठेवू नकोस. तेवढ्याच मापाची दुसरी डिस्क आण आणि हिचा क्लोन करून घे. क्लोन म्हणजे जशीच्या तशी दुसरी, आतल्या सगळ्यासकट." त्यांनी मला एका फ्लॉपीवर प्रोग्रॅम दिला, वायरी कशा लावायच्या ते कागदावर काढून दिलं आणि वर एक गोष्ट बजावली: "सुरू करायच्या आधी तो विचारेल की त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? घाबरून थांबायचं नाही. कोऱ्या डिस्कवर आहे काय पुसायला? हो म्हणायचं."

नवी डिस्क मामूने आणली. मामू म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ. मांडव्याच्या लाँचवर कामाला होता, मुंबईतून काहीही आणायचं तर त्यालाच सांगायचं. मी चिठ्ठीवर मेक आणि माप लिहून दिलं होतं, त्याने हुबेहूब तीच आणली. वहीच्या आकाराचे लोखंडी डबे, दोन्ही सारखे. नुकत्याच जन्मलेल्या जुळ्यांना ओळखता यावं म्हणून करतात तसं मी जुनीला काळा दोरा बांधला. सरांकडे मशीन घेऊन जाऊ या, असं मामू म्हणाला होता. मीच नको म्हटलं. एवढं साधं काम, मला येतं. आणि खरं सांगायचं तर, अब्बांना मीच वाचवणार, हे मला हवं होतं.

शुक्रवारची दुपार. पुरुष मशिदीतून परतत होते, अम्माने तांदळाचं सांदण वाफवायला ठेवलं होतं, नारळाच्या दुधाचा वास घरभर होता. इद्दतीत पहिल्यांदाच तिने काही गोड केलं होतं. मी जमिनीवर चादर पसरून कॉम्प्युटर उघडला. दोऱ्याची डिस्क उजवीकडे ठेवली, कोरी डावीकडे. सरांच्या कागदाप्रमाणे वायरी लावल्या. फ्लॉपी घातली. पडदा निळा झाला आणि त्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी आल्या, मधे एक बारीक बाण. वर इंग्रजीत लिहिलेलं होतं. मला ते वाचता येत होतं, अर्थही येत होता. मी काही अडाणी नव्हते, ही सबब मला कधीच सापडली नाही. पण मी वाचलंच नाही. माझा हात आपोआप चालला. भरलेली उजव्या चौकटीत, कोरी डाव्या चौकटीत. उजवा बोलतो, डावा ऐकतो. प्रोग्रॅमने विचारलं, उजवीकडच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ? सरांनी सांगितलंच होतं, घाबरायचं नाही. मी हो म्हटलं.

बाण डावीकडून उजवीकडे होता.

काम बराच वेळ चाललं. एक पट्टी हळूहळू भरत होती. अम्मा पदराला हात पुसत दारात आली. "होतंय ना नीट?" "होतंय," मी म्हटलं. "त्यांना काय होनार न्हाय ना?" "अगं, आता एकाचे दोन होतील." ती हसली. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "दोन झाले तर दुसऱ्याला पन जेवायला वाढाया लागंल." आणि सांदण बघायला आत गेली. तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

पट्टी भरली. मी नवी डिस्क लावून कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एकच ओळ. वायर नीट बसली नसेल म्हणून पुन्हा लावली. तीच ओळ. मग दोऱ्याची डिस्क लावली. तीही तशीच. तेव्हा मी फ्लॉपी पुन्हा घातली, त्या चौकटींवरचे शब्द पहिल्यांदा वाचले, बाण पाहिला आणि मला समजलं. मी कोऱ्या डिस्कचा कोरेपणा अब्बांवर उतरवला होता, अगदी शेवटच्या कणापर्यंत, जसाच्या तसा. कॅसेटवर चुकून भरलं जाऊ नये म्हणून मागे एक छोटा तुकडा असतो, तो मोडला की पुसायची सोयच राहत नाही. डिस्कला तसं काही नसतं. मी तिथेच चादरीवर बसून राहिले. आतून अम्माने हाक मारली, "ये, गरम हाय तवर खा." मी गेले आणि खाल्लं. तीन खाल्ली. काय चव होती, सांगता येणार नाही.

त्या दिवशी दुपारी ऐकायचं राहिलं. मी सांगितलं, यंत्र थकलंय, विश्रांती हवी. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मामूबरोबर डिस्क मुंबईला दुरुस्तीला जातेय. हे अर्धं खरं होतं. मामूला मी सगळं सांगितलं होतं. पावसाळ्यासाठी लाँच बंद व्हायला आठवडाच राहिला होता. दोऱ्याची डिस्क रुमालात गुंडाळून तो घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी तशीच परत घेऊन आला. मी मांडव्यापर्यंत गेले होते. लाँच लागली, माणसं उतरली, सगळ्यांच्या शेवटी तो. दुकानदाराने सांगितलेलं त्याने मला जसंच्या तसं सांगितलं: "मोडलेल्यातनं काढता येतं, पान्यात पडलेल्यातनं पन कवा कवा निघतं. ज्याच्यावर दुसरं लिवलं, त्यातनं काय निघत न्हाय." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपाला मी सांगू काय?" अम्माला तो आपा म्हणायचा. मी नको म्हटलं. तेवढं तरी माझं मलाच करायचं होतं.

दुपारी, नमाजानंतर, अम्मा पाय धुऊन आली. लसणाची वाटी घेऊन बसली. चार दिवसांत ती पुन्हा भिंतीकडे बघणारी झाली होती. सकाळची भाकरी तशीच पडली होती. "लाव," म्हणाली. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, चौकटी, बाण, हो म्हटलं तेही. शेवटी म्हटलं, "अम्मा, अब्बा गेले. माझ्या हातून गेले." बोलून झाल्यावर मला रडू फुटलं आणि ते थांबेना. ती मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "एकोनीसच्या एकोनीस?"

"व्हय."

"आनि माझं?"

मला कळलं नाही. "तुझं काय?"

"मी बोलले ते. त्यांना पाठवायचे ते. ते कुठं ठेवलंस?"

ती रागाने विचारत नव्हती. खरोखरच विचारत होती. तिला वाटलं होतं की मी सगळं ठेवते, तिचंही. अडीच-तीन वर्षं ती न्हाऊन, केस विंचरून बोलत होती आणि मी ते दाराबाहेरून ऐकून हसत होते. वायर लावून एकदाही भरून घेतलं नाही. अब्बा दूर होते म्हणून त्यांचा आवाज मौल्यवान. अम्मा काय, घरातच होती. मी नाही म्हणून मान हलवली. ती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" डिस्कपेक्षा जास्त लागलं मला.

मग ती उठली. भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात कॅसेट होती. बिनठिपक्याची. मला वाटत होतं ती केव्हाच गेली. अब्बा जायच्या दोन दिवस आधी अम्माने ती भरून मोहल्ल्यातल्या एकाकडे दिली होती, तो मस्कतला निघणार होता. "न्हाय गेली," अम्मा म्हणाली. "खबर आली त्याच दिवशी मामूला धाडून परत आनवली. कोनाला द्यायची होती ती आता?" आणि मग खालच्या आवाजात, "मीच अडवली. तुला कसं सांगनार? बाकी सगळ्यांना मीच सांगत आले, अडवू नका." तीन महिने ती कॅसेट तिच्या पांढऱ्या साड्यांखाली होती. अब्बा आधी गेले आणि कॅसेट नंतर अडवली, हे तिला माहीत होतं. तरी कुठेतरी तिला वाटत होतं की दोष तिचाच. आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

मी टेपवरचा रुमाल काढला. कॅसेट हातात घेतली. कुठल्या खणात घालायची तेच सुचेना. अम्माने माझं मनगट धरून उजव्या खणापाशी नेलं. "बोलनारा उजवीकडं," ती म्हणाली. मी बटण दाबलं.

अम्माचा आवाज आला. अम्मा लाजली, ओढणी तोंडाशी धरून बसली. कॅसेटवरची अम्मा सांगत होती की फणस यंदा कमी लागलेत, मागची कडी पुन्हा सैल झालीय, पोरगी अलिबागला जाते ती वेळेवर येते, काळजी करू नका. मधेच झावळी पडल्याचा धप्प आवाज. "झावळी पडली," कॅसेटवरची अम्मा म्हणाली, "घाबरू नका." मग, "तुमी येशाल तवा सांदन करीन. एकटीपुरतं काय करायचं?" असं वीस-बावीस मिनिटं. खुदा हाफिज म्हणून तिने बटण दाबल्याचा कट् आवाज आला. मी बंद करायला हात पुढे केला, पण त्याआधीच पंख्याची कुरकुर ऐकू आली.

अब्बांच्या खोलीचा पंखा. अम्माचं बोलणं अब्बांपेक्षा थोडं लवकर आटपलं होतं, आणि तिने पुसलं होतं तेवढ्यापुढे त्यांचं जुनं तसंच राहिलं होतं. बोलणं नाही, बोलणं सगळं पुसलं गेलं होतं. नुसती ती शेवटची मिनिटं, मला कंटाळवाणी वाटणारी. भांडं आपटलं. कोणी शिंकलं. अब्बा खोकले, तो त्यांचा कोरडा खोकला. पाणी ओतल्याचा आवाज. मग दुसऱ्या कोणाला तरी, आमच्याशी काही संबंध नसलेलं, त्यांनी विचारलं, "अरे, मीठ टाकलंस काय?"

जबाब यायच्या आत फीत तिथेच संपली. टेपचं बटण खाडकन वर आलं.

"टाकलं," अम्मा म्हणाली. आणि मग ती रडली, तीन महिन्यांचं एकदम.

दोऱ्याची डिस्क पुढे सहा वर्षं चालली, कट्-कट् करत, पण चालली. मामूने नंतर शोधून काढलं, वायरच सैल होती. त्या डिस्कवर मी पुढे परीक्षेचे अर्ज लिहिले, लग्नाच्या याद्या केल्या. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि आता या वयात करीन असंही वाटत नाही. अम्माने केलं होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, ती फक्त रोज दुपारी म्हणायची, "लाव."

अम्मालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या कॅसेटच्या मी तीन प्रती केल्या आहेत: एक घरी, एक मुलीकडे, एक मामूच्या मुलाकडे. अब्बांची एकोणीस बोलणी मी घालवली, अम्माची तर ठेवलीच नव्हती. उरली ती एवढी एक, जिच्यावर दोघं आहेत. लसूण सोलायला बसले की मी ती लावते. आधी अम्मा, फणस, कडी, झावळी. मग कट्. मग पंखा. मुलगी घरी आली असली की दारातून बघून हसते, आणि तिला मी काही समजावत नाही. अब्बा खोकतात, पाणी ओततात, आणि विचारतात, "अरे, मीठ टाकलंस काय?"

"टाकलं, अब्बा," मी म्हणते.